वादळ शहराला चुकलं, बातमी संपली

कतरिना चक्रीवादळ २९ ऑगस्ट २००५ रोजी सकाळी अमेरिकेत लुइझियानाच्या किनाऱ्यावर आलं. त्याचं केंद्र न्यू ऑर्लीन्सच्या जरा पूर्वेकडून सरकलं आणि त्या दुपारपासून दुसऱ्या दिवशीच्या अनेक वर्तमानपत्रांपर्यंत बातमीचा सूर सुटकेचा होता: शहर थोडक्यात बचावलं. फ्रेंच क्वार्टर या उंचावरच्या, पर्यटकांच्या भागात मुक्काम ठोकलेल्या वार्ताहरांना दिसतही तसंच होतं. काचा फुटल्या होत्या, पत्रे उडाले होते, पण रस्ते बऱ्यापैकी कोरडे होते. सतराव्या स्ट्रीटच्या कालव्याचा बांध मात्र तोवर फुटला होता आणि पाणी शहरात शिरत होतं. शेवटी शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. सुटकेचे मथळे वाचकांच्या हातात पडले तेव्हा त्याच शहरात लोक माळ्यावर अडकले होते आणि आतून छप्पर फोडून बाहेर पडायची धडपड करत होते.

ऑगस्ट २०११मध्ये आयरीन आलं. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे बंद झाली, सखल भागातल्या लाखो लोकांना घरं सोडायला सांगण्यात आलं, वाहिन्यांनी मॅनहॅटनच्या टोकाशी कॅमेरे लावले. वादळ अशक्त होऊन आलं, शहर सुटलं, आणि लगेच माध्यमांनी उगाच बाऊ केला अशी टीका सुरू झाली. हे चाललं होतं तेव्हा ज्याला समुद्रकिनाराच नाही अशा व्हरमाँट राज्यात डोंगरातल्या नद्यांनी पूल आणि रस्ते उखडून नेले होते. कित्येक गावांचा जगाशी संपर्क तुटला होता.

आणि ३ जून २०२०चं निसर्ग. आदल्या दोन दिवसांत सगळ्या वाहिन्यांचा प्रश्न एकच होता, मुंबईचं काय होणार? दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने. संध्याकाळपर्यंत मुंबईवरचं संकट टळल्याच्या पट्ट्या सुरू झाल्या. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड, दापोली इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या तेव्हा आडव्या झाल्या होत्या. विजेचे खांब पडले होते, मोबाइलचे मनोरे बंद होते. गावाकडे फोन लागत नाही म्हणून मुंबईतले चाकरमानी रात्रभर व्हॉट्सॲपच्या गटांवर एकमेकांना विचारत होते. टीव्हीवर त्यांच्या गावाचं नावही नव्हतं.

वादळांच्या वार्तांकनावर नेहमीचा आक्षेप अतिरंजनाचा असतो. तो खोटा नाही, पण मला तो दुय्यम वाटतो. ही बातमी एका मोठ्या शहराभोवती आणि वादळ जमिनीला लागण्याच्या एका घटकेभोवती बांधलेली असते, आणि बाकीचे बरेच दोष तिथून निघतात. आरडाओरडा कमी केल्याने ते जात नाहीत. माध्यमं ओरडतात याची फिर्याद करण्यापेक्षा ती कुठे बघून ओरडतात आणि कधी गप्प होतात हे पाहणं जास्त उपयोगाचं आहे.

येऊ घातलेल्या वादळाची बातमी वर्तमानपत्रातूनच जन्माला आली. क्यूबात हवानाच्या बेलेन कॉलेजातले जेसुइट पाद्री बेनितो विन्येस यांनी ११ सप्टेंबर १८७५ रोजी तिथल्या वर्तमानपत्रात वादळाचा इशारा छापवला; छापील इशाऱ्यांत तो पहिला मानतात. वायुभारमापक, उंच ढगांची दिशा आणि समुद्राची चाल एवढ्यावर त्यांचं शास्त्र उभं होतं. भारताचं हवामान खातंही त्याच साली स्थापन झालं, आणि १८६४मध्ये कलकत्त्याची दाणादाण उडवणारं चक्रीवादळ हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

विन्येसांच्या मागे बेलेनची वेधशाळा चालू राहिली, पण १९०० साली क्यूबा अमेरिकी लष्कराच्या ताब्यात होता. क्यूबातले लोक उगाच घबराट पसरवतात असं वॉशिंग्टनच्या हवामान खात्याचं मत होतं, म्हणून वादळांच्या हंगामात तिथून हवामानाच्या तारा पाठवायलाच बंदी घालण्यात आली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हवानाचे निरीक्षक म्हणत होते की वादळ मेक्सिकोच्या आखातात, टेक्सासकडे निघालं आहे. ते फ्लोरिडावरून वळून अटलांटिककडे जाईल, हा वॉशिंग्टनचा अंदाज. ८ सप्टेंबरला टेक्सासचं गॅल्व्हेस्टन हे भरभराटीला आलेलं बंदर समुद्राखाली गेलं. मृतांचा आकडा ६ हजारांपासून १२ हजारांपर्यंत सांगतात, बहुतेक ठिकाणी ८ हजार धरला जातो. अमेरिकेच्या इतिहासात एका नैसर्गिक आपत्तीत एवढी माणसं पुन्हा मेलेली नाहीत. घबराट नको, ही सबब त्यानंतरही अनेक सरकारांनी पुढे केली. 

टीव्हीचा अध्यायही गॅल्व्हेस्टनलाच सुरू होतो. सप्टेंबर १९६१मध्ये कार्ला हे अजस्र वादळ टेक्सासकडे येत असताना ह्यूस्टनच्या केएचओयू वाहिनीचा तरुण वार्ताहर डॅन रादर गॅल्व्हेस्टनच्या हवामान कार्यालयात कॅमेरा घेऊन बसला. रडारच्या पडद्यावर ढगांचा भोवरा दिसत होता. तो केवढा, हे घरी बसलेल्याला कसं कळावं? रादरने एका हवामानतज्ज्ञाकडून पारदर्शक प्लॅस्टिकवर आखाताच्या किनाऱ्याची रेघ काढून घेतली आणि ती पडद्यावर धरली. वादळाने अर्धंअधिक आखात व्यापलं आहे हे प्रेक्षकांना क्षणात दिसलं. सुमारे साडेतीन लाख लोक किनारा सोडून गेले, मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. रादरला पुढे सीबीएसने बोलावून घेतलं. टीव्ही पत्रकारितेने मात्र त्या नकाशापेक्षा वादळात पाय रोवून उभा असलेला वार्ताहर जास्त उचलला. नकाशा करायला डोकं लागतं. वाऱ्यात उभं राहायला रेनकोट पुरतो.

१९८२मध्ये द वेदर चॅनल सुरू झालं आणि हवामानाची बातमी चोवीस तासांची झाली. रेनकोटवाला वार्ताहर हा तिचा चेहरा. सप्टेंबर २०१८मध्ये फ्लोरेन्स आलं तेव्हा याच वाहिनीचा एक वार्ताहर वाऱ्याशी झुंजत, जेमतेम तोल सावरत बोलत होता, आणि त्याच्या पाठीमागून दोघे जण सहज चालत गेले. जगभर हसू झालं. तो ओल्या गवतावर उभा होता आणि रात्री उशिरापर्यंत काम करून थकलेला होता, असा खुलासा वाहिनीने केला. तो खराही असेल. पण त्याच वादळात त्याच वाहिनीने आणखी एक गोष्ट केली होती. निवेदिका स्टुडिओत उभी आहे आणि तिच्याभोवती संगणकाने उभं केलेलं समुद्राचं पाणी चढतं आहे: तीन फूट, सहा फूट, नऊ फूट. गुडघ्याच्या वर माणूस उभा राहू शकत नाही, मग मोटारी तरंगतात, मग घराचं दार दिसेनासं होतं. रादरच्या प्लॅस्टिकच्या कागदाची ही नात म्हणायला हरकत नाही. आकडा माणसाच्या अंगाला लावून दाखवणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे आणि ते तिथे झालं.

पाणी दाखवणं का महत्त्वाचं? अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राचे एडवर्ड रॅपपोर्ट यांनी १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांतल्या अटलांटिक वादळांच्या थेट मृत्यूंचा हिशेब मांडला. जवळपास ९० टक्के माणसं पाण्याने मेली होती. त्यातही वादळाच्या रेट्याने चढलेल्या समुद्राचा वाटा एकूण मृत्यूंच्या निम्मा, पावसाच्या पुराचा पावपेक्षा जास्त. वाऱ्याच्या खाती ५ ते १० टक्के. अलीकडच्या दशकात तर पुराचा वाटा समुद्राच्याही पुढे गेला आहे. तरी वादळाची ओळख वाऱ्यावरूनच करून दिली जाते. अमेरिकेतली एक ते पाच ही श्रेणी फक्त वाऱ्याच्या वेगावर ठरते, आणि आपल्याकडचं तीव्र, अतितीव्र हे वर्गीकरणही तसंच. फ्लोरेन्स चौथ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत उतरलं तेव्हा निवेदकांच्या आवाजात सैलपणा आला. मग ते उत्तर कॅरोलिनावर रेंगाळलं आणि एका गावात ३५ इंचांहून अधिक पाऊस पाडून गेलं.

सप्टेंबर २०२४मधलं हेलेन याहून दुःखद आहे. सगळे कॅमेरे फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर होते. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, ॲशव्हिलच्या डोंगराळ भागात काय होणार हे तिथल्या हवामान कार्यालयाने आधीच सांगितलं होतं, १९१६च्या महापुराची आठवण देऊन सांगितलं होतं. डोंगरात राहणाऱ्या माणसाला हरिकेन ही किनाऱ्याची गोष्ट वाटते, आणि टीव्ही त्याची ती समजूत रोज पक्की करत असतो. उत्तर कॅरोलिनात शंभराहून अधिक माणसं गेली. वीज, इंटरनेट, फोन सगळं बंद पडल्यावर लोक बॅटरीच्या रेडिओवर ब्लू रिज पब्लिक रेडिओ ऐकत होते: पाणी कुठे मिळतं, कोणता रस्ता चालू आहे.

रेनकोटवाल्याची बाजूही ऐकून घ्यायला हवी. स्थलांतराचा आदेश कागदावर निघतो; डोलणारी झाडं आणि खवळलेला समुद्र पाहून काही माणसं खरोखर गाडी काढतात. पण दृश्याचा परिणाम उलटाही होतो. वार्ताहर उभा आहे म्हणजे आपणही उभं राहू शकतो, असं बघणाऱ्याला वाटतं. जून २०२३मध्ये बिपरजॉय मुंबईपासून शेकडो किलोमीटर दूर समुद्रात होतं, लाटा पाहायला चौपाट्यांवर गर्दी होती, आणि १२ जूनला जुहूच्या समुद्रात चार मुलं बुडाली. धोका पत्रकारांनाही असतो. मे २०१८मध्ये अल्बर्टो वादळाच्या पावसाचं वार्तांकन करताना उत्तर कॅरोलिनात एका वाहिनीचे दोघे जण गाडीवर झाड पडून गेले. तेव्हा ते वादळ कुठल्याही श्रेणीत बसत नव्हतं.

आता शंकूकडे येऊ, कारण माझ्या मते बातमी सगळ्यात जास्त फसते ती इथे. वादळाच्या पुढच्या प्रवासाचा पांढरा, पुढे रुंद होत जाणारा शंकू हरिकेन केंद्राने २००२पासून द्यायला सुरुवात केली. तो कसा काढतात ते कळलं तर अर्धे गैरसमज जातील. मागच्या पाच वर्षांत केंद्राचे अंदाज किती चुकले हे पाहतात. १२ तासांनी, २४ तासांनी, पुढे पाच दिवसांनी, प्रत्येक वेळेसाठी असं वर्तुळ घेतात की त्यात मागच्या चुकांपैकी दोन तृतीयांश बसाव्यात. ही वर्तुळं जोडली की शंकू होतो. म्हणजे वादळाचं केंद्र त्याच्या बाहेर जाण्याची शक्यता तीनात एक इतकी उरतेच. आणि शंकू फक्त केंद्राबद्दल बोलतो. वादळ किती रुंद, पाऊस कुठवर, पाणी कुठे चढणार, यातलं काहीही त्यात नसतं.

लोक तो कसा वाचतात, याचा अभ्यास फ्लोरिडातल्या २००४च्या हंगामानंतर झाला. कोणाला वाटतं, शंकू रुंद होतो म्हणजे वादळ मोठं होत जातं. कोणाला वाटतं, शंकूच्या बाहेर आपण सुरक्षित. आणि सगळ्यांचे डोळे मधल्या काळ्या रेघेवर. रेल्वेचा रूळ असावा तशी ती वाचली जाते. गाडी त्याच्या बाहेर जायचीच नाही. त्या वर्षी १३ ऑगस्टला चार्ली वादळाची रेघ टँपा या मोठ्या शहरावरून जात होती, म्हणून वाहिन्याही टँपात होत्या. वादळ काही तासांत दुसऱ्या श्रेणीतून चौथ्या श्रेणीत गेलं, जरा लवकर उजवीकडे वळलं आणि कायो कोस्टा या बेटावरून आत शिरून पुंटा गोर्डा उद्ध्वस्त करून गेलं. अंदाज चुकला, असा गलका झाला. पुंटा गोर्डा पूर्ण वेळ शंकूत होतं.

अठरा वर्षांनी, २८ सप्टेंबर २०२२ला, इयान त्याच कायो कोस्टा बेटावर आलं. याही वेळी आधीचे दिवस टँपाची चर्चा होती. दक्षिणेकडच्या ली काउंटीने स्थलांतराचा आदेश आदल्या दिवशी सकाळी काढला, शेजारच्या काउंट्यांच्या मागून. फोर्ट मायर्स बीचवर समुद्र घरांवरून गेला. फ्लोरिडातल्या मृतांचा आकडा दीडशेच्या आसपास पोचला. त्यानंतर शंकूवर पुष्कळ लिहिलं गेलं. केंद्राने जमिनीच्या आतल्या भागातले इशारे रंगवून दाखवणारा नवा नकाशा २०२४पासून प्रायोगिक म्हणून आणला. मधली रेघ गाळलेला नकाशा तर त्याआधीपासून मिळतो, पण टीव्हीला रेघ हवी असते. शक्यता सांगायला वेळ लागतो आणि ती ऐकणाऱ्याचं समाधान होत नाही. रेघ दोन सेकंदांत सांगून होते.

रेघेच्या हव्यासाचं टोक सप्टेंबर २०१९मध्ये दिसलं. डोरियन वादळाचा धोका अलाबामालाही आहे असं राष्ट्राध्यक्ष ट्रम्प म्हणाले, तिथल्या हवामान कार्यालयाने तसं काही नाही म्हणून सांगितलं, आणि काही दिवसांनी राष्ट्राध्यक्षांनी दाखवलेल्या नकाशावर काळ्या मार्करने शंकू वाढवलेला निघाला. या मार्करवर दिवसच्या दिवस चर्चा झाली. चर्चा व्हायलाच हवी होती, कारण हवामान खात्यावर दबाव आणणं ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण डोरियन ज्यांच्या अंगावर ताशी जवळपास ३०० किलोमीटर वेगाने येऊन तळ ठोकून बसलं होतं, त्या बहामातल्या अबाको बेटांना, तिथल्या हैतीहून आलेल्या मजुरांच्या वस्त्यांना अमेरिकी पडद्यावर त्या आठवड्यात किती जागा मिळाली?

आकड्यांचा घोळ हा आपल्या भागातला प्रश्न. ऑक्टोबर २०१३मध्ये फायलिन ओडिशाकडे येत असताना काही पाश्चात्य तज्ज्ञ आणि वाहिन्या म्हणत होत्या की भारतीय हवामान खातं वादळ कमी लेखत आहे. अमेरिकी नौदलाचे आकडे मोठे होते. त्यातला एक भाग साध्या गणिताचा आहे: अमेरिकी केंद्रं एका मिनिटाच्या सरासरीने वाऱ्याचा वेग सांगतात, आपलं खातं तीन मिनिटांच्या. मिनिटाची सरासरी नेहमी जास्त भरते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून खात्याला दोष देणाऱ्या बातम्यांत ही गोष्ट क्वचितच आली. खातं आपल्या अंदाजावर ठाम राहिलं आणि बरंचसं बरोबर ठरलं.

हिंदी वाहिन्यांचा तमाशा सर्वांनी पाहिलेला आहे, त्यावर फार लिहायला नको. बिपरजॉयच्या वेळी स्टुडिओत छत्री धरून हेलकावे खाणारी निवेदिका देशभर फिरली. त्याच आठवड्यात गुजरातने एक लाखाच्या आसपास लोक हलवले, १५ जूनला वादळ कच्छमध्ये जखाऊजवळ आलं, आणि मनुष्यहानी फार थोडी झाली. एवढं चोख झालेलं काम छत्रीने झाकलं. वादळाला नाव कोणी दिलं याची चौकट मात्र दर वेळी न चुकता छापून येते. तिने आजवर कोणाचं काय वाचलं, देव जाणे.

मराठी-इंग्रजी वर्तमानपत्रांत निसर्गच्या वेळी आणखी एक गोष्ट मोकाट फिरली: १८८२मध्ये मुंबईवर आलेल्या महावादळात लाखभर माणसं मेली होती. असं वादळ झाल्याचा पुरावा नाही. चक्रीवादळांच्या अभ्यासकांनी जुन्या नोंदी धुंडाळून तसं मांडलंही आहे. तज्ज्ञ नसलेल्यालाही शंका यायला हवी होती, कारण १८८१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या घरात आहे. दर आठ माणसांमागे एक माणूस एका दिवसात मेला असता तर तो प्रसंग मुंबईच्या प्रत्येक इतिहासात, प्रत्येक जुन्या घराण्याच्या कागदांत सापडला असता. तो गूगलवर सापडला आणि छापला गेला.

चांगलं वार्तांकन कसं असतं, याचीही उदाहरणं आहेत, आणि त्यांत एक साम्य दिसतं: ऐकणाऱ्याला सांगणारा माणूस आधीपासून माहीत असतो. २४ ऑगस्ट १९९२च्या पहाटे अँड्र्यू दक्षिण फ्लोरिडावर आलं तेव्हा मायामीच्या डब्ल्यूटीव्हीजे वाहिनीचे हवामानतज्ज्ञ ब्रायन नॉरक्रॉस सलग २३ तास बोलत राहिले. वीज गेलेल्या घरांत त्यांचा आवाज रेडिओवरून येत होता. घराच्या मधल्या खोलीत जा, अंगावर गादी ओढून घ्या, असं ते सांगत होते आणि स्वतःही सहकाऱ्यांसह सामानाच्या खोलीत जाऊन तेच करत होते. मायामीतच जॉन मोरालेस कित्येक वर्षं शांतपणे हवामान सांगत आले. ७ ऑक्टोबर २०२४ला मिल्टन वादळाचा दाब दहा तासांत ५० मिलिबारने घसरल्याचं सांगताना त्यांचा कंठ दाटला. या माणसाला रडू आलं म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे लोकांना कळलं. रोज ओरडणाऱ्याला ही सोय उरत नाही. हेच मोरालेस २०२५च्या जूनमध्ये पडद्यावर म्हणाले की अमेरिकी हवामान खात्यातली कपात पाहता आपण पूर्वीच्या खात्रीने अंदाज देऊ शकू असं वाटत नाही. वाहिन्यांचे झगमगते नकाशे शेवटी सरकारी विमानं, फुगे आणि उपग्रह यांच्या मोजमापावर उभे असतात. ही बातमी फार कमी वाहिन्या देतात.

क्यूबात हवामानतज्ज्ञ होसे रुबिएरा यांचा चेहरा असाच घराघरांत होता, फरक एवढाच की तिथे बोलणारं तोंड एकच, सरकारी. एक आवाज आणि त्यामागे गल्लीपर्यंत पोचलेली नागरी संरक्षण यंत्रणा, यामुळे क्यूबात वादळाने मरणाऱ्यांची संख्या शेजाऱ्यांच्या मानाने कमी राहत आली आहे. पण एकच आवाज गप्प बसला तर? मे २००८मध्ये नर्गिस येत आहे हे भारतीय हवामान खात्याने म्यानमारला ४८ तास आधी कळवलं होतं. लष्करी राजवटीच्या माध्यमांनी त्या इशाऱ्याचा गाजावाजा केला नाही. इरावदीच्या त्रिभुज प्रदेशात सव्वा लाखाहून अधिक माणसं गेली.

बातमी पोचूनही भागत नाही, हे बंगालच्या उपसागराने १२ नोव्हेंबर १९७०ला दाखवलं. भोलाच्या वादळाचा इशारा रेडिओवर झाला होता आणि पुष्कळांनी ऐकलाही होता. जायचं कुठे, हा प्रश्न होता. पक्के निवारे जवळपास नव्हतेच. तीन ते पाच लाख माणसं मेली. त्यानंतर बांगलादेशात उभ्या राहिलेल्या स्वयंसेवकांच्या कार्यक्रमात आज ७० हजारांहून अधिक लोक आहेत, त्यात निम्म्या स्त्रिया; ते कर्णे आणि झेंडे घेऊन दारोदार जातात. ओडिशात १९९९च्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार बळी गेले, फायलिनच्या वेळी दहा लाखांच्या आसपास लोक हलवले गेले आणि बळींची संख्या शंभराच्याही आत राहिली. मधली चौदा वर्षं निवारे, रस्ते आणि सराव यांची होती. माध्यमांना ती चौदा वर्षं दिसली नाहीत, कारण त्यांत दाखवण्यासारखं दृश्य नव्हतं.

किनाऱ्याच्या अलीकडचं जसं सुटतं तसं पलीकडचंही. समुद्रात असलेल्या माणसाला टीव्हीचा उपयोग नाही. कोकणातल्या मच्छीमाराची बातमी म्हणजे बंदरात लागलेला तीन नंबरचा बावटा, नाहीतर वायरलेसवरचा शेजारच्या बोटीचा आवाज. नोव्हेंबर २००९मध्ये फयानने, मग २०१७मध्ये ओखीने अशीच बोटींवरची माणसं नेली. ओखी ३० नोव्हेंबरला कन्याकुमारीजवळ एका दिवसाच्या आत कमी दाबाच्या पट्ट्याचं वादळ झालं. केरळ-तमिळनाडूचे हजारो मच्छीमार त्याआधीच खोल समुद्रात गेलेले होते. शेकडो परतले नाहीत. भरकटलेल्या साठहून अधिक बोटी आणि नऊशेहून अधिक मच्छीमार सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागले, देवगडने त्यांना आसरा दिला. दिल्लीच्या वाहिन्यांना ती वादळाची बातमी वाटली नाही, कारण तिथे वादळ ‘धडकलं’ नव्हतं. मे २०२१मध्ये तौक्तेच्या दिवशी मुंबईच्या वाहिन्या पडलेली झाडं मोजत होत्या आणि बॉम्बे हायजवळ ओएनजीसीच्या कामावरचा पी-३०५ हा तराफा २६१ माणसांसह नांगर तुटून भरकटत होता. सत्तरहून अधिक जण बुडाले. इशारे असताना तराफा समुद्रात का राहिला, हा त्या वादळातला सगळ्यात मोठा प्रश्न होता, आणि तो वादळ ओसरल्यावर विचारला गेला.

मराठी वर्तमानपत्रांची एक अडचण इथे सांगायला हवी. श्रीवर्धनच्या वाडीची बातमी रायगडच्या पानावर लागते आणि तिथेच राहते. पुण्याच्या किंवा नागपूरच्या वाचकाला ती दिसत नाही. जिल्हा आवृत्त्यांनी गावाला पान दिलं, पण गावाची बातमी राज्याची होणं अवघड केलं. सुपारीचं नवं झाड फळायला पाच ते आठ वर्षं लागतात, पडलेल्या बागेचा मालक तोवर काय खातो, पंचनाम्यात झाडं कशी मोजली, ही बातमी महिनोन्‌महिने चालायला हवी होती. ती तालुक्याचा वार्ताहर लिहीत होता, तुटपुंज्या मानधनावर, आणि वाचत होते फक्त तालुक्यातले लोक, ज्यांना ती आधीच माहीत होती.

स्थानिक वर्तमानपत्र पाय रोवून राहिलं की काय होतं, हे न्यू ऑर्लीन्सच्या टाइम्स-पिकायूनने दाखवलं. कतरिनाच्या तीन वर्षं आधी, जून २००२मध्ये, त्याने पाच भागांत बांध फुटले तर काय होईल ते लिहिलं होतं. वादळात छपाई थांबली तेव्हा तीन दिवस अंक फक्त इंटरनेटवर निघाला. महापौर आणि पोलीसप्रमुख यांच्याच तोंडून पूरग्रस्तांनी आसरा घेतलेल्या सुपरडोम स्टेडियममधल्या खून-बलात्कारांच्या कहाण्या राष्ट्रीय वाहिन्यांवर गेल्या होत्या. त्यातल्या बहुतेक निराधार असल्याचं सप्टेंबरअखेर शोधून काढलं ते याच वर्तमानपत्राने. तोवर त्या कहाण्यांनी आपलं काम केलं होतं: मदत जपून आली, बंदुका आधी आल्या.

मारिया वादळाची गोष्ट सगळ्यात लांबली. २० सप्टेंबर २०१७ला ते प्वेर्तो रिकोवर आलं. महिन्याभरात हार्वी आणि इर्मा होऊन गेले होते, अमेरिकी वाहिन्या थकल्या होत्या. तेहतीस लाख अमेरिकी नागरिकांच्या या बेटाला आधीच्या दोन वादळांच्या मानाने फार कमी जागा मिळाली. ३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प तिथे गेले तेव्हा मृतांचा सरकारी आकडा १६ होता. डिसेंबरात तो ६४वर थांबला. बेटावरच्या सेंट्रो दे पेरिओदिस्मो इन्वेस्तिगातिवो या छोट्या शोधपत्रकारिता संस्थेला तो पटला नाही. तिच्या पत्रकारांनी डॉक्टर, अंत्यविधी करणारे आणि मृतांच्या घरचे लोक गाठले. ऑक्सिजनचं यंत्र विजेअभावी बंद पडलं, डायलिसिस चुकलं, रुग्णवाहिका पोचली नाही, अशा मरणांची नोंद वादळाच्या खात्यात नव्हती. सरकार मृत्यूंची कागदपत्रं देईना, तेव्हा संस्था न्यायालयात गेली, सीएनएननेही स्वतंत्र दावा लावला, आणि जून २०१८मध्ये कागद बाहेर आले. ऑगस्टमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर सरकारने २,९७५ हा आकडा मान्य केला. १३ जुलै २०१९ला त्याच संस्थेने गव्हर्नर रिकार्डो रोसेयो आणि त्यांच्या वर्तुळाच्या टेलिग्रामवरच्या गप्पांची ८८९ पानं प्रसिद्ध केली. त्यात वादळातल्या मृतदेहांवरची थट्टाही होती. लाखो लोक राजधानी सान हुआनच्या रस्त्यांवर उतरले. २ ऑगस्टला रोसेयो पायउतार झाले. मारिया किनाऱ्याला लागून तेव्हा बावीस महिने उलटले होते.